नऊ नंबरच्या घंटीचा चाळिसावा

माझ्या बहिणीचा मुलगा लुद्मिल दर रविवारी आईला भेटायला वृद्धाश्रमात जायचा आणि आई सोडून सगळ्यांना भेटून यायचा. संचालिका सावोवाबाईंच्या खोलीत बसून कॉफी प्यायचा, अक्रोडाची बिस्किटं खायचा, मग नऊ नंबरच्या दारातून नुसती मान आत घालून म्हणायचा, "झोपली वाटतं. झोपू दे." की निघाला गाडीकडे. सात महिने त्याने असे काढले. सात महिन्यांत आई एकदाही जागी सापडू नये याचं त्याला नवल वाटलं नाही. मला वाटलं. मी चार इयत्ता शिकलेली बाई, पण मेंढ्या राखल्यात. मेंढीसुद्धा भर दुपारी अशी झोपत नाही, आणि झोपली तर तिला काहीतरी खायला घातलेलं असतं.

कालिना माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आमच्या घरात शाळेचे बूट एकच जोड होते आणि ते तिच्या पायाला बसायचे, म्हणून ती शिकली आणि मी कळपामागे गेले. पुढे ती पोस्टात टेलिफोनवर लागली. चौतीस वर्षं अख्ख्या जिल्ह्याच्या घंट्या तिने उचलल्या. कुणाची सून अडली, कुणाचं गवत पेटलं, कुणाचा नवरा कुणाशी काय कुजबुजतो, सगळं तिच्या कानावरून गेलं. बाहेर एक शब्द नाही. मला, सख्ख्या बहिणीलाही नाही! तेवढी एक गोष्ट मी तिला अजून माफ केलेली नाही.

गेल्या ऑक्टोबरात ती अंगणात पडली, खुब्याचं हाड मोडलं. लुद्मिल म्हणाला, "मावशी, थोड्या दिवसांसाठी आश्रमात ठेवू." मी तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही, गुडघे माझेही गेलेत. मी मान हलवली. हेही लिहून टाकते, नाहीतर म्हणाल म्हातारी स्वतःचं झाकून दुसऱ्याचं उघडं करते.

एक मार्चला मी तिच्या मनगटावर लाल-पांढरा दोरा बांधायला गेले. त्या दिवशी आमच्याकडे सगळेच एकमेकांना बांधतात, वर्षभर तब्येत चांगली राहावी म्हणून. बाही वर सारली तर मनगटाभोवती निळा वळ, बांगडीसारखा. दुसऱ्या हातालाही तसाच. मी तशीच सावोवाबाईंच्या खोलीत.

"बाई, हे काय?"

"आजी, या वयात कातडी कागदासारखी होते. घड्याळ घातलं तरी वळ उठतो."

"तिच्या हातात घड्याळ नाही."

"मग खाटेचा कठडा लागला असेल."

"कठडा गोल फिरून गाठ पण मारतो का?"

बाई गोड हसल्या. त्या हसल्या की समजावं, सांगायला खरं काही उरलेलं नाही. "तुमच्या लुद्मिलशी बोलते मी," म्हणाल्या. "करारावर सही त्यांची आहे. तुमची नाही."

लुद्मिलशी मीही बोलले. तो एकदम पांढरा पडला, वळ ऐकून नाही, सावोवाबाईंचं नाव ऐकून.

"मावशी, ती माझी कुमा आहे! लग्नात तिने माझ्या डोक्यावर मुकुट धरलाय!"

आमच्याकडे कुमेपुढे, म्हणजे लग्नाला साक्ष राहिलेल्या बाईपुढे, कुणी आवाज चढवत नाही. बाप ओरडला तर उलट बोलता येतं, कुमा ओरडली तर तिला खुर्ची द्यायची.

"मुकुट तुझ्या डोक्यावर धरला ना?" मी म्हटलं. "मग आईचे हात का धरून ठेवलेत?"

"तू गोंधळ घातलास तर तिचे आणखी हाल होतील. आपण गप्प बसलो तर निदान..."

"निदान काय?"

त्याने गाडीची किल्ली उचलली आणि निघाला.

मग मी औषधवाल्या इस्क्राकडे गेले. कालिनाच्या उशाशी थेंबांची एक बाटली होती, ती मी 'चुकून' पिशवीत घातली होती. इस्क्राने वास घेतला, लेबल वाचलं आणि चष्मा काढला.

"आजी, हे डॉक्टरच्या चिठ्ठीत नाही. ही झोपेची आहेत. आजपासून सगळं लिहायचं. जाल तेव्हा तारीख, वेळ, काय पाहिलं, कोण ड्युटीवर होतं. वळांचे फोटो काढा. बाहेरच्या डॉक्टरला दाखवा. मग तपासणी कार्यालयाला तक्रार, नाही ऐकलं तर लोकपालाला. बांधून घालणं हा तर पोलिसांचा विषय आहे. आणि मुलाला म्हणा, दुसरीकडे जागा बघ."

"इतके रस्ते आहेत?"

"रस्ते आहेत, आजी. चालायला लागतं."

चालायला मला कुणी शिकवायला नको. वही नव्हती म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं घेतली. रोजच्या संताचं पान फाडायचं आणि पाठीमागे लिहायचं. नऊ मार्च, चाळीस हुतात्म्यांचा दिवस, चादर ओली, वेळ दुपारचे बारा. असं. माझं अक्षर म्हणजे शेतातून कोंबडी गेल्यासारखं, पण कोंबडी खरं सांगते. इस्क्राने दर शनिवारी त्याची स्वच्छ प्रत करून द्यायची असं ठरलं.

तक्रार गेली. दोन आठवड्यांनी तपासनीस आला, पण आठ दिवस आधी कळवून! गेटाला रंग लागला, टेबलावर ट्यूलिप आली, कालिनाला गुलाबी जाकीट घातलं. ते तिचं नव्हतं, सहा नंबरच्या बाईचं होतं. सहा नंबरची बाई दिवसभर थंडीने कुडकुडत बसली. अहवाल आला : काही गैर आढळले नाही.

दुसऱ्या आठवड्यात ब्लागोवेत्सचा सण. त्या दिवशी आमच्याकडे मासा खातात, म्हणून मी कालिनासाठी मासा भाजून नेला. बघते तर उशाजवळची घंटीची दोरी कापलेली, वरच्या तारेला चिकटपट्टी. खोलीत एक नवी बाई फरशी पुसत होती. तिच्या डोळ्यांत अजून थोडी लाज शिल्लक होती.

"वरून हुकूम आहे, आजी," ती हळूच म्हणाली. "फार वाजवतात म्हणे."

"ही जागी कधी असते वाजवायला?"

"पहाटे. थेंब उतरले की."

"आणि काय मागते?"

"पाणी."

मी मासा तिथेच ठेवला आणि घरी येऊन पलंगावर बसले. चौतीस वर्षं माझ्या बहिणीने कुणाची घंटी तिसऱ्यांदा वाजू दिली नव्हती.

शेजारच्या गावात एक निवृत्त नर्स आपल्या घरी पाच म्हातारी माणसं सांभाळते. मी जाऊन बघून आले. तळमजला, खिडकीत मांजर, स्वयंपाकघरातून सूपाचा वास, आणि म्हातारे एकमेकांशी भांडत होते. भांडत होते म्हणजे जागे होते. एक खाट रिकामी होती. नर्स म्हणाली, "संत जॉर्जच्या सणापर्यंत राखून ठेवते. पुढे जमणार नाही. आणि मुलाची सही हवी, करार त्याचा आहे." सण सहा मेला. कालिनाचे पाय जेमतेम धरून होते. आणखी एक उन्हाळा अशी पडून राहिली तर पुन्हा उभी राहणार नाही, हे मला कुठल्या डॉक्टरने सांगायला नको होतं. मला फक्त लुद्मिलची सही हवी होती. आणि लुद्मिल फोनच उचलत नव्हता.

मी गेनादीकडे गेले. गेनादी आमच्या गावात काळ्या चौकटीचे कागद छापतो. माणूस गेलं की त्याचा फोटो घालून कागद दारावर, झाडावर, बस थांब्यावर, बेकरीच्या काचेवर लावतात. मग चाळिसाव्या दिवशी, मेलेल्याच्या नावाने गोड गहू वाटताना, आणि सहा महिन्यांनी, वर्षाने पुन्हा. आमच्याकडे माणसं आधी भिंती वाचतात, मग पाव घेतात.

"देव क्षमा करो, वेलिका आजी. कोण गेलं?"

मी फोनवरचा फोटो दाखवला. कापलेली दोरी.

"ही... घंटी आहे."

"होती."

त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग मी सांगितलेलं टाइप करायला लागला : "अत्यंत दुःखाने कळवतो की आमची प्रिय घंटी, राहणार वृद्धाश्रम, खोली नंबर नऊ, चोवीस मार्च रोजी कात्रीने आम्हाला सोडून गेली. वय एकोणीस वर्षे. तिने आयुष्यभर एकच शब्द उच्चारला आणि तोही कुणी ऐकला नाही. चाळिसाव्याचे गहू दोन मे रोजी सकाळी अकरा वाजता वृद्धाश्रमाच्या गेटावर वाटले जातील. शोकाकुल : पाणी मागणारे सर्व."

"आजी, ब्लागोवेत्स पंचवीसला असतो. तुम्ही तर सणाच्या दिवशी पाहिलंत म्हणता."

"तू चोवीसच छाप."

"मग चाळिसावा एक दिवस चुकेल!"

"गेनादी, तू छापतोस का मी चुनखडीने भिंतीवर लिहू?"

छापला. साठ प्रती. मी आणि इस्क्राने दोन दिवसांत लावल्या. बेकरी, न्यायालय, चर्चची पाटी, लिंडेनची सगळी झाडं, एक आश्रमाच्या ताज्या रंगवलेल्या गेटावर, आणि एक इस्क्राने नव्या तक्रारीबरोबर लोकपालाला पाठवली.

तिसऱ्या दिवशी सावोवाबाईंनी स्वतः फिरून कागद फाडले. इथे बाई चुकल्या. काळ्या चौकटीचा कागद आमच्याकडे कुणी फाडत नाही. पाऊस फाडतो, वारा फाडतो, माणूस फाडत नाही. बेकरीसमोरच्या बायकांनी क्रूस काढला आणि विचारलं, "ही बाई मेलेल्याचं का फाडते?" मग प्रत्येकीने घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. संध्याकाळपर्यंत तोच कागद अर्ध्या गावाच्या फोनमध्ये होता.

आणि मग माणसं माझ्या जिन्यावर यायला लागली. ज्यांची आई आत होती, ज्यांचा बाप आत होता. सगळे लुद्मिलसारखे, तोंडाला कुलूप लावलेले, आपणच एकटे आहोत असं समजणारे. एक जण म्हणाला, "आमच्या बाबांची कवळी हरवली. दोन महिने दूधपाव खातात." मी म्हटलं, "माझ्याकडे काय सांगतोस? गेनादीकडे जा." ईस्टरच्या आधीच्या, पुष्पोत्सवाच्या रविवारपर्यंत झाडांवर आणखी सात कागद लागले. सहा नंबरमधलं गुलाबी जाकीट : कर्तव्य बजावताना बेपत्ता. चार नंबरच्या आजोबांचं चालणं : अल्पशा आजाराने. बाबांची कवळी : शेवटपर्यंत हसतमुख.

सावोवाबाईंचा फोन आला. "म्हातारे, मी तुझ्यावर फिर्याद करीन!"

"कर की. फक्त मेलं कोण ते न्यायाधीशाला नीट सांग."

दोन मेला मी पहाटेपासून गहू शिजवले. साखर, अक्रोड, दालचिनी, वर लिंबाची साल. माणसासाठी करते तितकेच जीव लावून केले. अकरा वाजता गेटावर पन्नासेक माणसं होती. पाद्री येणार नाही म्हणाला, घंटीला आत्मा नसतो. पण त्याने बायकोला डबा देऊन पाठवलं.

रांगेत एक अनोळखी बाई होती, हातात जाड फाईल, पायात शहरी बूट. तिने वाटी घेतली, रीतीप्रमाणे म्हणाली, "देव क्षमा करो." मी तिला विचारलं नाही तू कोण. राजधानीची, सोफियाच्या नंबरची गाडी कोपऱ्यावर उभी होती, ती मी येतानाच पाहिली होती. या खेपेला कुणाला आठ दिवस आधी कळवलेलं दिसत नव्हतं.

तेवढ्यात सावोवाबाई बाहेर आल्या, आणि त्यांच्यामागे लुद्मिल. मला आवरायला बोलावला होता.

"मावशी, पुरे कर हा तमाशा!"

"वाटी घे."

"मावशी..."

"मेलेल्याची वाटी नाकारतोस?"

त्याने घेतली. मग मी दुसरी सावोवाबाईंपुढे धरली. पन्नास माणसं बघत होती. आमच्याकडे ही वाटी समोर आली की हात आपोआप पुढे जातो, तो काही मालकाला विचारत नाही. बाईंचा हातही गेला. आणि ओठ म्हणाले, "देव क्षमा करो."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. बाई लाल झाल्या. काय करतील? माझी एकच चूक हाताशी होती, ती त्यांनी धरली.

"अडाणी बायका! तुम्हाला चाळीससुद्धा मोजता येत नाहीत! आज चाळिसावा नाहीच, उद्या आहे! ती घंटी चोवीसला कापलीच नव्हती, ब्लागोवेत्सला कापली, मी स्वतः उभं राहून..."

आणि तिथे थांबल्या.

फाईलवाल्या बाईने चमचा वाटीत ठेवला. "उभं राहून काय केलंत?" तिने शांतपणे विचारलं आणि खिशातून ओळखपत्र काढलं.

गेनादी माझ्या शेजारी होता. माझ्याकडे असा बघत होता की जणू मी त्याच्या दुकानाची भिंत पाडली. "आजी," तो पुटपुटला, "तुम्ही मुद्दाम..."

"चूप. गहू खा."

आम्ही वर गेलो : ती तपासनीस, सावोवाबाई, लुद्मिल, मी. नऊ नंबरमध्ये कालिना झोपलेली. सकाळचे साडेअकरा. एक हात ओढणीने कठड्याला बांधलेला. आज कुणी येणार हे माहीत नव्हतं, म्हणून सोडायचं राहिलं.

सावोवाबाई म्हणाल्या, "पडू नये म्हणून..."

तपासनीसने फोटो काढला, गाठ सोडली, मग माझ्याकडे वळली. "आजी, तुम्ही नोंदी ठेवल्यात असं ऐकलं."

मी कॅलेंडरच्या पानांची चळत दिली. तिने एक पान उलटं केलं, सुलटं केलं, खिडकीकडे नेलं. "हे... मला वाचता येत नाही."

इस्क्राची स्वच्छ प्रत माझ्या पिशवीत होती, तीन रंगांच्या शाईने, तासांसकट. मी पिशवीची चेन नीट ओढून घेतली.

"माझं अक्षर एकालाच लागतं," मी म्हटलं. "हा लष्करात होता तेव्हा दोन वर्षं मी याला पत्रं लिहिली. लुद्मिल वाचेल."

त्याने पानं घेतली.

"नऊ मार्च," तो वाचू लागला. "चादर ओली. दुपारी बारा. कुणी नाही." पुढचं पान घेतलं. "तेरा मार्च. ओठ फुटलेले. मी कापसाने पाणी दिलं, अर्धा पेला प्यायली. सतरा मार्च. डाव्या मनगटावर नवा वळ, जुन्याच्या वर." सावोवाबाई काही बोलायला गेल्या, तपासनीसने फक्त बोट वर केलं. "एकोणीस मार्च, रविवार..."

तो थांबला.

"वाच," मी म्हटलं.

"रविवार. मी कोपऱ्यात खुर्चीवर होते. लुद्मिल आला. दारातून बघितलं. आज ती जागी होती. तिने हाक मारली, बारीक आवाजात. लुद्मिलला ऐकू आली नाही..." त्याने पान खिडकीकडे धरलं. "...का आली, देव जाणे."

आणि मग खाटेवरून, डोळे मिटलेलेच, माझी बहीण पोस्टातल्या आवाजात म्हणाली, "मोठ्याने बोला हो. लाईन खराब आहे."

लुद्मिल खाटेशी खाली बसला आणि मोठ्याने रडला. बावन्न वर्षांचा माणूस. सावोवाबाई "बाळा" म्हणून त्याच्या खांद्याला हात लावायला गेल्या तर त्याने खांदा झटकला. कुमेचा हात! तेवढ्यावरून मला कळलं की काम झालं.

तपासनीसने औषधांच्या कपाटाला मोहर लावली आणि सगळ्या खोल्या उघडायला सांगितल्या. बाहेर कवळीवाला, जाकीटवाली, चार नंबरचा मुलगा जिन्यात रांग लावून उभेच होते, प्रत्येकाच्या हातात आपापला कागद.

लुद्मिल उठला, नाक पुसलं. "मावशी, मी आईला माझ्या घरी नेतो. आत्ता. मी स्वतः करीन सगळं. रात्रंदिवस. मी वाईट मुलगा आहे, मला..."

मी नर्सचा कागद काढून खाटेच्या कठड्यावर ठेवला, वर पेन ठेवलं, आणि त्याला म्हटलं :

"गप. तुझ्या घरी काही न्यायची नाही. रडणारा मुलगा तीन दिवस टिकतो, चौथ्या दिवशी त्याची बायको रडायला लागते. इथे सही कर. आणि वाईट-बिईट तू नाहीस, लुद्मिल, एवढी तुझी ऐपत नाही. तू भित्रा आहेस. वाईट असतास तर तुला मी दाराबाहेर उभा केला असता. भित्र्याला मी कामाला लावते. आठवड्यातून तीनदा जायचं, कधी सकाळी, कधी जेवणाच्या वेळी, कुणालाही न कळवता. आधी आईशी बोलायचं, मग बाकीच्यांशी. ती झोपलेली दिसली तर उठवायची. रागावली तर शिव्या खायच्या. हे मी मरेपर्यंत, आणि मी मेल्यावरही. आता तिकडून धर तिला. सावकाश. तिचा खुबा तुझ्या कॉफीच्या कपापेक्षा नाजूक आहे."